मामांचा टँकर

"मामा! माझा ड्रायर कुठंय?"

ज्ञानेश्वरीने पार्लरच्या पडद्यातून मान आत घालून दुसऱ्यांदा विचारलं. घरातून उत्तर आलं नाही. इकडे खुर्चीत पलीकडच्या गल्लीतल्या राजनंदिनीताई केस धुऊन बसल्या होत्या. त्यांच्या भाचीचा साखरपुडा होता, गाडी दारात यायची होती, आणि मानेवरून पाण्याचे ओघळ थेट ब्लाउजात उतरत होते. आरशातून त्या ज्ञानेश्वरीकडे बघत होत्या. बोलत काही नव्हत्या, पण पुढच्या वेळी कुठे जायचं ते त्यांनी ठरवून टाकलेलं दिसत होतं.

"आलेच हां ताई," म्हणत ती आत गेली. स्वयंपाकघर ओलांडून मागच्या दारात आली आणि जागीच थबकली.

तिचे सासरे सहादेव मोरीशेजारी पाटावर मांडी ठोकून बसले होते. खिडकीतून वायर ओढून घेतली होती. उजव्या हातात तिचा ड्रायर, डाव्या हातात काचेसारखं आरपार दिसणारं प्लॅस्टिकचं एक कवच. हातभर लांबीचं, पुढून गाडीच्या तोंडाच्या आकाराचं. ड्रायरचं नळकांडं त्यांनी त्या प्लॅस्टिकला अगदी टेकवून धरलं होतं आणि करपल्याचा वास सुटला होता.

"अहो मामा, काय चाललंय हे? बाहेर बाई ओल्या डोक्यानं बसलीय माझी!"

"बसू दे की. केस काय, आपोआप सुकत्यात. आमच्या येळंला कुठं हुतं ड्रायर?"

"आणि हे?"

"ह्ये न्हाई आपोआप वाकत," सहादेव शांतपणे म्हणाले. "ह्याचं नाक जरा आत घ्यायचंय. टँकरचं त्वांड असं पुढं आल्यालं नसतंय."

तिने ड्रायर हिसकावून घेतला. पार्लरमध्ये येऊन बटण दाबलं, तेव्हा तो दोनदा खोकला आणि गप झाला. राजनंदिनीताईंचे केस शेवटी टेबलफॅनपुढे सुकवले. भाचीच्या साखरपुड्याला त्या नक्की कशा दिसल्या, हे विचारायची हिंमत ज्ञानेश्वरीला झाली नाही.

या सगळ्याची सुरुवात सृष्टीपासून झाली होती. ज्ञानेश्वरीची ही एकुलती एक लेक पुण्यात इंजिनिअरिंगला होती. तिच्या कॉलेजातल्या पोरापोरींचा एक गट रिमोटच्या गाड्या चालवायचा. पळवायचा नव्हे. मोठाल्या चाकांच्या त्या छोट्या ट्रकांना हे लोक खडकांवरून, खाचखळग्यांतून, गोगलगाईच्या चालीने चढवायचे आणि त्यातच त्यांना आनंद होता. दिवाळीला आली तेव्हा ती आपली जुनी गाडी घरी टाकून गेली. वरची बॉडी फुटलेली, खाली नुसता सांगाडा, चार रबरी चाकं, स्प्रिंगा आणि मोटर. सहादेवांनी तो सांगाडा हातात घेतला, अंगठ्याने एक चाक दाबलं, स्प्रिंग खाली गेली आणि वर आली. केडगावला मुलाकडे राहायला आल्यापासून ते पहिल्यांदा हसले.

"ह्याची बॉडी कुठाय गं?"

"फुटली, आबा. नवी मिळते की. पण ती साधी पारदर्शक येते. कापायची आपण, रंगवायची आपण. हवी तशी."

"हवी तशी?"

"हो. जीप करा, पिकअप करा..."

"टँकर हुईल?"

झालं. सृष्टीने पुण्याला जाऊन कुरियरने बॉडी पाठवली, रंगाचे डबे पाठवले आणि ती मोकळी झाली. घरात राहिली ज्ञानेश्वरी.

सहादेवांनी आयुष्यभर पाण्याचा टँकर चालवला होता. गाव पाथर्डीकडचं. तिकडे आणि शेवगावच्या वरच्या अंगाला उन्हाळा लागला, की वाड्यावस्त्यांना टँकरनेच पाणी जायचं. डोंगराच्या कुशीतल्या, रस्ता कसला तो नसलेल्या वस्त्यांवर सहादेव टँकर चढवायचे. सासूबाई, भागूबाई, असेपर्यंत ते गावीच होते. त्या गेल्यावर दोन-अडीच वर्षं एकट्याने काढली. मग मालकाने गाडीची किल्ली मागून घेतली. का, तर टँकर एका मळ्याच्या फाटकाला घासला, आणि महिन्याभरात परत त्याच फाटकाला घासला. मामा सांगायचे, फाटकच अरुंद बांधलंय. नंतर मुलगा सुनील, म्हणजे ज्ञानेश्वरीचा नवरा, त्यांना केडगावला घेऊन आला.

सुनील एमआयडीसीत होता. शिफ्टची ड्यूटी. तो दमून यायचा, आणि बायकोने वडिलांविषयी काही सांगायला तोंड उघडलं, की त्याचं एकच उत्तर असायचं, "जाऊ दे गं."

पण काय काय जाऊ द्यायचं? ताटाशेजारचा तांब्या रोज लवंडायचा. ताटात डाव्या बाजूची भाजी तशीच राहायची आणि मामा म्हणायचे, आज भाजी केलीच न्हाई व्हय? पार्लरमधलं स्टूल त्यांनी इतक्यांदा लाथाडलं होतं, की त्याचा एक पाय कायमचा लंगडा झाला होता. शेजारचे कारभारी दाणे ओट्यावरून 'राम राम' घालायचे, आणि हे मान ताठ ठेवून पुढे निघून जायचे. दाण्यांनी एकदा सुनीलला विचारलंसुद्धा, "आबांचा काही राग आहे का आमच्यावर?"

"मुद्दाम करतात," ज्ञानेश्वरी म्हणायची. "गावाकडून आणलं त्याचा राग काढतात."

"जाऊ दे गं."

ड्रायर मेला, त्याच आठवड्यात रंगाचा दिवस उगवला. सृष्टीने व्हिडिओ कॉलवर आबांची शिकवणी घेतली. अशा बॉडीला रंग आतून मारायचा असतो. बाहेरच्या बाजूला एक पातळ कागदी पापुद्रा चिकटवलेला असतो, तो अगदी शेवटी सोलायचा. म्हणजे रंग आत सुरक्षित राहतो, वरून कितीही खरचटलं तरी जात नाही.

"आतून?" सहादेवांनी विचारलं. "म्हंजी गाडीच्या पोटात बसून?"

"तसंच समजा, आबा."

त्यांनी मागच्या अंगणात बसून निळ्या रंगाचा अख्खा डबा फवारला. अंगणात दोरीवर पार्लरचे धुतलेले टॉवेल वाळत होते. ज्ञानेश्वरी ते काढायला गेली तेव्हा पांढऱ्या टॉवेलांवर निळी देवी आली होती.

तिने सगळे टॉवेल छातीशी कवटाळले आणि आता मात्र मामांना सुनावायचंच, असं ठरवून पार्लरमध्ये आली. तेवढ्यात तेच मागोमाग आले. पापुद्रा सोललेली, चकचकीत बॉडी दोन्ही हातांत धरून. चेहऱ्यावर असा काही आनंद, की तिने टॉवेल खुर्चीवर टाकले.

"बघ. हाय का न्हाई टँकरचं त्वांड?"

तिने बॉडी घेतली आणि ट्यूबलाइटखाली धरली. निळ्या रंगातून उजेड येत होता. एका ठिकाणाहून नाही, चाळणीतून यावा तसा. बॉनेटवर बोटभर पट्टा कोरा, टपावर ठिकठिकाणी विरळ, आणि डाव्या दारावर तर तळहात मावेल एवढी जागा अजून काचेसारखी आरपार.

"मामा, हे अर्धवट का ठेवलंय?"

"कुठं अर्धवट?"

"हे काय. दारावर. आणि हे इथं, वरती."

"उगं नावं ठिऊ नको. चांगली गच्च भरलीया."

तिने त्यांचं बोट धरून त्या जागेवर टेकवलं. सहादेवांनी बॉडी नाकाशी नेली. मग मान वाकडी करून, कोंबडी दाण्याकडे बघते तशी, एका डोळ्याने बघितली. पुन्हा दुसऱ्या डोळ्याने.

"हां," ते म्हणाले. "तिथं जरा पातळ बसलाय."

आणि बॉडी घेऊन निघून गेले. ज्ञानेश्वरी टॉवेल भिजत घालायला मोरीकडे गेली. तेवढ्यात मामांनी पार्लरच्या फळीवरची नेलपेंट काढायच्या औषधाची बाटली नेली, कापूस नेला आणि सगळा रंग पुसून नव्याने मारायचा म्हणून बॉडी पुसायला घेतली. त्या औषधाने रंग गेला, पण प्लॅस्टिकही दुधासारखं पांढरं पडलं, आणि बघता बघता त्याला तडे गेले. ते परत आले तेव्हा हातात जे होतं त्याला कुणी गाडी म्हटलं नसतं.

आता मात्र तिचा बांध फुटला.

"झालं समाधान? ड्रायर घालवला, टॉवेल घालवले, आता माझं औषध घालवलं! मी काय इथं खेळ मांडलाय का मामा? बायका येतात, चार पैसे मिळतात, त्यावर घर..."

ती बोलत असताना सहादेवांनी ती बॉडी डावीकडे ठेवायला हात लांबवला. तिथे नेलपेंटच्या बाटल्यांची चाकांची ट्रॉली होती. हात थेट बाटल्यांवर गेला. ट्रॉली कलंडली, फरशीवर लाल, गुलाबी, जांभळ्या रंगांचा सडा पडला.

"हितं कुनी ठिवलं ह्ये?" सहादेव दचकून म्हणाले.

ज्ञानेश्वरी त्यांच्याकडे बघत राहिली. ट्रॉली पार्लर उघडलं त्या दिवसापासून तिथेच होती. मामा तिच्यासमोरून रोज जात होते. आणि त्यांच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना खोटेपणा. खरंखुरं आश्चर्य होतं.

ती काचा ओलांडून त्यांच्या डाव्या बाजूला गेली.

"मामा, समोर बघा. कॅलेंडरकडं. मान हलवू नका."

"का?"

"बघा म्हणते ना. माझा हात दिसतोय?"

"कसला हात?"

तिने हात पुढे आणला. आणखी पुढे. बोटं हलवली. हात जवळजवळ त्यांच्या नाकासमोर आला, तेव्हा ते म्हणाले, "हां. ह्यो काय आला."

लंगड्या स्टुलावर ती टेकली.

"कधीपासून मामा?"

"काय कधीपासनं?"

सहादेवांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

"फाटकाच्या आधीपासनं," ते म्हणाले.

नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून नजर कडेने विझत आली होती, उजव्यापेक्षा डावीकडे जास्त. डॉक्टर भले होते. मामांच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "काळजी करू नका आजोबा." परत येताना रिक्षात सुनीलही तेच म्हणाला, "होईल सगळं नीट, आबा."

सहादेवांनी दोघांचंही मनावर घेतलं नाही. सुनेकडे वळून म्हणाले, "डाक्टर आत तुला काय म्हनला?"

"गेलेली नजर परत येणार नाही म्हणाले. आहे ती थेंबांनी टिकेल. सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे, जन्मभर. चुकवले तर आहे तीही जाईल."

सुनीलने तिच्याकडे डोळे वटारले. सहादेव बाहेर बघत राहिले. त्यानंतर चार-पाच दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. जणू तिनेच नजर काढून घेतली होती.

थेंबांची तर रोज लढाई. "डोळा उघडा. वर बघा. अहो मिटू नका म्हटलं ना!" सहादेव लहान पोरासारखे पापण्या घट्ट आवळायचे, थेंब गालावरून ओघळायचा, आणि ज्ञानेश्वरी हातातली बाटली भिंतीवर फेकायची इच्छा गिळून दुसरा थेंब धरायची. गाडीचा सांगाडा त्यांनी खाटेखाली सारला होता. सृष्टीने कुणाला न विचारता दुसरी बॉडी पाठवली, तेव्हा खोक्याकडे न बघता म्हणाले, "दे फेकून."

तिने फेकलं नाही, पण त्या खोक्याचं काही केलंही नाही. मामा आता दिवसभर ओट्यावर बसून असायचे. काही मागायचे नाहीत, काही मोडायचे नाहीत. तांब्यासुद्धा लवंडायचा नाही, कारण तो उचलायच्या आधी ते हाताने चाचपून बघायचे. हे चाचपणं ज्ञानेश्वरीच्या डोक्यात जायला लागलं. टॉवेल निळे करणारा सासरा परवडला, असं तिला वाटू लागलं. हा असा मऊ, गप, पाहुण्यासारखा बसलेला माणूस तिला सहन होईना.

एका दुपारी पार्लरला कुणी नव्हतं. तिने खोकं फोडलं, नखांवर नक्षी काढायचा बारीक ब्रश घेतला आणि ओट्यावर येऊन त्यांच्यासमोर बसकण मारली.

"रंग कुठला होता?"

"कशाचा?"

"तुमच्या टँकरचा."

"तुला काय करायचंय?"

"मला टॉवेल रंगवायचेत!" ती खेकसली. "सांगा ना. निळा, पण कुठला निळा?"

सहादेवांनी टोपी सारखी केली.

"राकेलावानी," ते म्हणाले. "रेशनचं राकेल असायचं बघ, तसा. आन मधून पांढरा पट्टा. पट्टा आधी वढ. आतून रंगवायचं म्हंजी जे वर दिसायचं, ते आधी."

मग रोज दुपारी तेच चाललं. कामात सुख असं काही नव्हतं. सहादेव बॉडी नाकाशी नेऊन बघायचे आणि प्रत्येक रेघेत खोट काढायचे. पट्टा वाकडा. काच मोठी झाली. बंपर बायकी झाला. "बंपर बायकी कसा असतो मामा?" "तू काढलाया तसा." ती चिडून ब्रश ठेवायची, आत जाऊन चहा टाकायची, आणि दोन कप घेऊन परत यायची.

काचेच्या वर 'मोहटादेवी प्रसन्न' लिहायचं होतं. तिने झोकात लिहिलं, बॉडी उलटी करून बघितली, तर देवी पाठमोरी. आतून लिहिलेलं बाहेरून उलटं दिसणार, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. ओल्या कापसाने पुसलं. उलटी अक्षरं काढून बघितली, तर 'ट'चं पोट भलतीकडे गेलं. पुन्हा पुसलं. शेवटी ती बॉडी घेऊन पार्लरच्या आरशासमोर बसली. बायकांचे चेहरे ती आरशात बघूनच सजवायची, अक्षरंही तशीच काढली. हाताकडे न बघता, फक्त आरशात. शेजारी सहादेव उभे. आरशात त्यांना काही दिसत नसावं, पण ते हटले नाहीत.

"वेलांटी मोठी काढ," ते म्हणाले. "लांबून दिसली पायजे. बाया वस्तीवरनं आधी वेलांटी वळखायच्या."

टाकी कशाची करायची हा प्रश्न वॅक्सच्या रिकाम्या डब्याने सोडवला. बॉडीचा मागचा भाग कापून टाकला, डबा आडवा बसवला, वरच्या अंगाला भोक पाडून त्यावर बाटलीचं झाकण घट्ट बसवलं. ज्ञानेश्वरीला वाटलं, झालं. पण मामांना त्यात पाणी हवं होतं. खरं पाणी.

"अहो, खाली मोटर आहे. बॅटरी आहे."

"प्लॅस्टिक गुंडाळ तिला. रिकामा टँकर चालवायला काय अक्कल लागती? आन भरायचा तर काठोकाठ. अर्धी टाकी डोलती, गाडी वढून न्हेती."

सृष्टीचा फोन आला तेव्हा तिने कॅमेऱ्यात गाडी बघितली आणि किंचाळलीच. मग म्हणाली, "मम्मी, आता फक्त एक कर. स्पंजने बॉनेटवर थोडा गंज दाखव ना. दाराखाली चिखलाचे ओघळ. खरी वाटते मग. आमच्याकडे त्याचेच जास्त मार्क असतात."

"गंज?" सहादेव खाटेवरून उठले. "माझ्या गाडीला? अगं, टाकी भराया लागली की रोज सकाळी मी आधी तिचं त्वांड धुयाचो. मंग माझं."

"पण आबा, खरी दिसायला..."

"खरी हुती म्हनूनच धूत हुतो न्हवं!"

दोघं फोनवर अशी काही हमरीतुमरीवर आली, की ज्ञानेश्वरीने मोबाईल काढून घेतला. "गंजबिंज काही नाही. मी नवऱ्या सजवते, म्हाताऱ्या नाही करत. ठेव आता."

त्या दिवशी संध्याकाळी थेंब घालून झाल्यावर सहादेव डोळे मिटून पडले होते. तसेच मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "डाव्या अंगाला, दाराच्या मागं, एक पोचा पाड."

"आता पोचा कशाला? चांगली गुळगुळीत झालीय."

"हुता. त्या फाटकाचा."

नवा ड्रायर आणला होता. तिने जपून, लांबून ऊब दिली आणि मऊ झालेल्या जागी अंगठा दाबला. सहादेवांनी त्या खळग्यावरून बोट फिरवलं. "आनिक जरा खाली," ते म्हणाले. "हां."

चांदबीबी महालाच्या डोंगराकडे, रस्त्याच्या अलीकडच्या खडकाळ माळावर सृष्टीच्या गटाने रविवारी सकाळी मेळावा भरवला होता. पुण्याहून, संभाजीनगरहून पोरं आली होती. प्रत्येकाच्या गाडीवर गंज, चिखल, तुटका आरसा, टपावर इवलेसे डबे आणि दोरखंड. त्यांच्यामध्ये सहादेवांचा टँकर धुतल्या तोंडाने उभा होता. काही जण वाकून बघून गेले. एकाने हळूच विचारलं, "हे प्रदर्शनापुरतं आहे का?" सहादेवांनी ऐकलं आणि टाकीचं झाकण उघडून बाटलीतलं पाणी ओतायला लागले. पाणी काठावरून सांडलं, तेव्हाच थांबले.

ज्ञानेश्वरीचा जीव वैतागला होता. रविवार म्हणजे पार्लरमधल्या गर्दीचा दिवस. चपलेत खडे जात होते, ऊन चढत होतं, सुनील शिफ्टचं निमित्त काढून सुटला होता. आणि आता तिला मामांच्या बाजूने चालायचं होतं, कारण चुन्याने आखलेली वाट त्यांना दिसत नव्हती. गाडी दिसायची, ती समोरच्या थाळीएवढ्या जागेत असली तरच.

"पुढं काय हाय?"

"दगड."

"केवढा?"

"दगडाएवढा!"

"अगं, नारळाएवढा का कलिंगडाएवढा?"

"नारळाएवढा. उजवीकडं जरा वाट आहे."

टँकर हळूहळू उजवीकडे वळला. चाकं दगडावर चढली, स्प्रिंगा दबल्या, टाकी झुकली आणि सावरली. सहादेवांचा अंगठा रिमोटवर केसाएवढाच हलत होता. घाई अजिबात नाही. पुढे एक घळ होती, तिथे दोन पोरांच्या गाड्या आधीच उलटल्या होत्या. टँकर तिच्यात उतरला आणि पलीकडच्या अंगाने वर येऊ लागला. कुणीतरी मोबाईल काढला. सृष्टी तोंडावर हात ठेवून उभी होती.

"आता?"

"सपाट खडक. मग चढ. कलिंगड आहे समोर, मोठं."

"डावीकडनं घिऊ?"

"घ्या. थांबा, नको, डावीकडं कडा..."

तोवर चाक गेलं होतं. मागचं डावं चाक कड्यावरून सुटलं, टँकर क्षणभर तसाच अधांतरी राहिला, आणि भरल्या टाकीच्या वजनाने आडवा झाला. दोन पलट्या खाऊन खाली मुरुमावर पडला. टाकीचं झाकण उडालं.

सहादेवांनी आवाज ऐकला. अंगठा काढला.

"पडली?"

"पडली."

"पानी?"

"थोडंसंच सांडलं आबा," सृष्टी मागून घाईघाईने म्हणाली, "आहे बरंचसं, काही नाही झालं..."

सहादेवांनी मान वळवली नाही. "ज्ञानेश्वरी, पानी सांडलं का?"

ज्ञानेश्वरीने खाली बघितलं. तांबूस मुरुमावर ओला डाग पसरला होता, आणि कडेने तो वाळायलाही लागला होता.

"सगळं सांडलं, मामा."

सहादेवांनी मान हलवली. रिमोट एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मंग भरून आन. वस्तीवर पोचली न्हाई अजून."

"इथं कुठं पाणी? आपली बाटली संपली. खाली गाड्या लावल्यात तिथवर जावं लागेल, त्या पाण्याच्या जारपाशी."

"मंग जा की."

"आणि हे ऊन?"

"ऊन हायच."

ती काहीतरी पुटपुटत खाली उतरली. टँकर उचलला, डबा सोडवला, गाडी सृष्टीच्या हातात दिली आणि चपलेतला खडा झटकून वाटेला लागली. जारपाशी डबा भरला. दोन-तीनदा हलवून बघितला आणि काठोकाठ व्हावा म्हणून त्यात आणखी थोडं ओतलं. मग तळवा झाकणासारखा दाबून धरून ती चढायला लागली. वर बघितलं, तर सृष्टीने टँकर कड्यापासून चांगला पाच हात बाजूला, सपाट जागी, सरळ उभा करून ठेवला होता. आबांना मात्र तिने तसं सांगितलेलं दिसत नव्हतं. पोरं त्यांच्या अवतीभवती आपापल्या गाड्या घेऊन ये-जा करत होती.

सहादेव हलले नव्हते. पाय फाकवून, रिमोट छातीशी धरून ते त्या रिकाम्या कड्याकडे बघत उभे होते, अंगठा बटणावर तयार ठेवून.

ज्ञानेश्वरीने पावलं उचलली. पाणी हिंदकळलं, तिच्या मनगटावरून ओघळलं. ती थांबली, डबा सावरला आणि मग हळू, अगदी हळू चालत राहिली.